नाकापासून सुरुवात करू नका

सिम्स या कॉम्प्युटरवरच्या खेळात माणूस घडवायच्या पहिल्या बैठकीत मी पावणेदोन तास एक नाक करत बसले होते. बाबांचं नाक. वरून सरळ येऊन मध्येच किंचित उंचावणारं, शेंडा जरा खाली झुकलेला, नाकपुड्या अरुंद. नाक जमलं. इतकं जमलं की मी स्वतःवरच खूश झाले. मग खुर्ची मागे सरकवून अख्खा चेहरा पाहिला, तर ते नाक कुणा भलत्याच माणसाच्या तोंडावर बसलेलं. भाची चहा घेऊन आली नि म्हणाली, "मावशी, हे कोण? सोसायटीचे सेक्रेटरी?"

मला लाज वाटली ती वेगळ्याच कारणाने. गेली बावीस वर्षं मी कॉलेजच्या एकांकिकांची रंगभूषा करते. पुण्यातल्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेचे दिवस आले की भरत नाट्य मंदिराच्या रंगपटात माझी पेटी उघडी असते आणि विशीतल्या पोराला तासाभरात सत्तरीचा करायचा असतो. मदतीला नवीन मुलगी आली की ती हमखास त्या पोराच्या कपाळावर तपकिरी पेन्सिलीने तीन आडव्या रेघा ओढते. मी तिला हाताला धरून प्रेक्षागृहात शेवटच्या रांगेपर्यंत नेते. तिथून म्हातारा दिसतच नाही, तोंड न धुता आलेला मुलगा दिसतो. आणि तीच मी इथे शेवटची रांग विसरून नाकाला चिकटले होते.

तर सिम्स उतरवून घेतलाय, आजोबा किंवा मैत्रीण किंवा स्वतःलाच घडवायला बसलाय आणि होतंय भलतंच, अशांसाठी हे लिहितेय. मी काही गेम खेळणारी बाई नव्हे. या खेळात घरं बांधतात, संसार करतात, नोकऱ्या धरतात. त्यातलं मला अजून धड काही येत नाही. मला येतो तो पहिलाच पडदा, क्रिएट-अ-सिम, जिथे माणूस घडतो. तिथे मी तीनेक महिने मुक्काम ठोकून आहे.

खर्चाचं आधी सांगते. सिम्स ४ आला सप्टेंबर २०१४ मध्ये, आणि १८ ऑक्टोबर २०२२ पासून मूळ खेळ फुकट आहे. वरचे पॅक विकत असतात, ते सुरुवातीला अजिबात घेऊ नका. चेहरा, बांधा, चाल, आवाज हे सगळं फुकटातल्यातच आहे. माझ्या सहा वर्षं जुन्या लॅपटॉपवर तो चालतो, पंखा मात्र गिरणीसारखा घरघरतो. गंमत म्हणजे या मालिकेचा जनक विल राइट याने मुळात घरं बांधण्याचा खेळ योजला होता. १९९१ च्या ओकलंडच्या वणव्यात त्याचं राहतं घर जळालं, ते पुन्हा उभं करताना कल्पना पक्की होत गेली. माणसं होती ती घर बरं बांधलंय की नाही हे सांगण्यापुरती. २००० साली पहिला सिम्स आला तेव्हा लोकांनी घरांपेक्षा त्या माणसांवरच जीव टाकला.

आता कामाचं.

माणूस घडवायला घेण्याआधी तो कोणत्या वयाचा, ते ठरवा. हे फालतू वाटेल, पण माझी पहिली बाहुली इथेच बिघडली. बाबा गेले तेव्हा ७८ वर्षांचे होते, म्हणून मी बेधडक 'एल्डर' निवडलं. केस पांढरे झाले, सुरकुत्या आल्या, आणि माझ्यासमोर एक सभ्य अनोळखी गृहस्थ उभे राहिले. दोन दिवस घालवल्यावर डोक्यात प्रकाश पडला. मला आठवतात ते बाबा ७८ चे नाहीतच. मला आठवतात ते बावन्न-त्रेपन्नचे, शाळेत गणित शिकवणारे, बाहीला खडू लागलेला, सायकल जिन्याखाली लावून वर येणारे. मग 'अडल्ट' घेतलं आणि निम्मं काम तिथेच झालं. तुमच्या आजीचंही असंच असेल. तुम्हाला आठवते ती कोणत्या वयाची आजी, ते आधी विचारा स्वतःला.

त्यानंतर फोटो शोधा, पण मोबाइलवर हात लांब करून काढलेला नको. जवळून काढलेल्या फोटोत नाक फुगतं आणि कान मागे पळतात. त्यावरून चेहरा केलात तर तो दारावरच्या भिंगातून पाहिल्यासारखा होतो. चार-पाच हात लांबून कुणी दुसऱ्याने काढलेला फोटो चांगला. मला सापडला शाळेच्या शिक्षकांचा ग्रुप फोटो, मागच्या रांगेत डावीकडून तिसरे. चेहरा नखाएवढा. पण उभं राहण्याची ढब त्यात सगळी होती, आणि सुरुवातीला तीच लागते.

कारण सुरुवात बांध्यापासून करायची. चेहऱ्याकडे पाहायचंसुद्धा नाही. केस साधे, कपडे अंगाबरोबरचे, आणि माणूस पूर्ण दिसेल इतका लांब ठेवा. शेजारी दोन पट्ट्या दिसतात, एक जाडीची आणि एक स्नायूंची. या दोन्ही सगळ्या अंगाला सारख्या लागू होतात, म्हणून त्यांनी फक्त अंदाज घ्यायचा. खरी मजा माउसने अंग धरून ओढण्यात आहे. पोट, कंबर, मांडी, पोटरी, दंड, खांदे, ज्यावर माउस नेता तो भाग उजळतो. दाबून धरा आणि ओढा. बाबांचे पाय काटकुळे आणि पोट मात्र बरगड्यांखालून एकदम सुरू होणारं. पट्टीने जाडी वाढवली की पायही जाडे होतात. मग मी जाडी थोडीशीच चढवली, मांड्या-पोटऱ्या आत ढकलल्या, कंबर बाहेर ओढली. समोरून अजूनही काही वाटेना. माणूस बाजूने वळवला, पोट पुढे ओढलं, आणि आले की! बनियनवर उभे राहून दात घासणारे बाबा.

समोरून ओढलं की रुंदी आणि उंची बदलते, बाजूने ओढलं की पुढे-मागे बदलतं, ही या हत्याराची खरी किल्ली आहे. ती कुणी सांगत नाही. बहुतेक लोक माणूस समोर उभा ठेवूनच सगळं करतात आणि मग म्हणतात, चेहरा सपाट का दिसतो. अर्ध्याहून जास्त वेळ माणूस बाजूने किंवा तिरका ठेवून काम करा. आम्ही तेच करतो. आरशासमोर बसवलेल्या नटाचं सगळं शेडिंग मी त्याच्या कानाच्या बाजूने उभी राहून बघते.

बांधा झाला की डोळे किलकिले करा. खरंच करा. पापण्यांच्या फटीतून बारकावे जातात आणि नुसता आकार उरतो. तो आकार ओळखीचा वाटेपर्यंत पुढे जायचं नाही. मला तीन संध्याकाळी लागल्या.

चेहऱ्याकडे आलात की तिथे तयार नमुने मिळतात, अख्ख्या डोक्याचे आणि मग डोळे, नाक, तोंड, हनुवटी यांचे वेगवेगळे. यांचा क्रम चुकवू नका. तुम्ही नाक तासभर कोरलंत आणि मग नाकाचा दुसरा नमुना कसा दिसतो म्हणून सहज टिचकी मारलीत, तर तासाभराची मेहनत पुसली जाते. मागे जाण्याचं बटण आहे, पण ते लक्षात येईपर्यंत आपण आणखी चार ठिकाणी टिचक्या मारून बसलेलो असतो. नमुने आधी निवडायचे, अगदी ओबडधोबड, 'साधारण या घरातला' एवढंच. कोरीवकाम नंतर. आणि एकदा कोरायला घेतल्यावर फाशाच्या चित्राकडे बोट न्यायचं नाही, ते सगळं नव्याने उलटंपालटं करतं.

कोरण्याचा माझा क्रम असा: जबडा आणि हनुवटी, मग कपाळ आणि केसांची सुरुवात, मग दोन डोळ्यांतलं अंतर, मग भुवया, कान, तोंड. नाक सगळ्यात शेवटी. चित्रकलेच्या वर्गात पहिल्याच महिन्यात शिकवतात की डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात, आणि दोन डोळ्यांमध्ये आणखी एक डोळा मावेल एवढी जागा असते. हे माप म्हणजे सगळ्यांचं मिळून झालेलं सरासरी माप. तुमचा माणूस त्यापासून कुठे सुटतो तेवढंच शोधायचं. बाबांचे डोळे एकमेकांच्या जरा जवळ होते आणि वरचं कपाळ मोठं, केस मागे हटलेले. ही दोन अंतरं बदलल्यावर सेक्रेटरी पळाले. नाकाला मी नंतर हात लावला तो फक्त पाच मिनिटं.

बारीक काम करायचं असेल तर भिंगाच्या चित्रावर टिचकी मारा, मग नाकपुडी, नाकाचा शेंडा, पापणी, ओठांचा कोपरा हे वेगवेगळे धरता येतात. पण तिथे फार रमू नका. तो लाइनिंगचा, म्हणजे बारीक रेघांचा ब्रश आहे. बेस, म्हणजे खालचा सरसकट रंग, बसल्याशिवाय लाइनिंग करायचं नसतं.

बेसवरून रंगाचं. सुरुवातीची बरीच वर्षं या खेळात सावळ्या आणि गव्हाळ कातडीची दैनाच होती. डिसेंबर २०२० मध्ये त्यांनी शंभराहून जास्त नव्या छटा घातल्या आणि प्रत्येक छटा फिकट-गडद करायची पट्टी दिली, तेव्हा कुठे आपल्याकडची माणसं करता येऊ लागली. छटा उष्ण, मध्यम, थंड अशा गटांत लावल्यात. आपल्याकडच्या गव्हाळ माणसाला उष्ण गटातली पिवळसर झाक घ्या आणि मग पट्टीने गडद करा. थंड गटातली गुलाबी झाक घेऊन गडद केलीत की चेहऱ्यावर राख फासल्यासारखं दिसतं. रंगपटात नेमकी हीच गफलत होते: सावळ्या मुलीला गुलाबी बेस थापला की दिव्याखाली ती आजारी दिसते, आणि मग तिची आई येऊन मला विचारते, "जरा उजळ नाही का करता येणार?" करता येतं हो, पण मग ती दुसरी मुलगी होते.

आणखी एक. या पडद्यावरचा प्रकाश फार लाडिक आहे. तिथे सगळेच बरे दिसतात. रंग पक्का करण्याआधी माणसाला खेळात न्या, भर दुपारी अंगणात उभा करा, आणि मग ठरवा.

आता या खेळाची एक जन्मखोड. सिम्स ४ मध्ये चेहऱ्याच्या दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असतात. डावी भुवई ओढली की उजवीही तेवढीच जाते. देवाने असा माणूस केलेला नाही. बाबांची डावी भुवई उजवीपेक्षा वर असायची, विशेषतः पोराचं उत्तर चुकलं की. ते इथे होणार नाही, सोडून द्या. पण कातडीच्या बारकाव्यांत तीळ आणि खळी या गोष्टी डाव्या-उजव्या वेगवेगळ्या लावता येतात. एका गालावर तीळ दिला की दोन्ही बाजू सारख्या असल्याचं डोळ्याला कळेनासं होतं. बाबांना असा तीळ नव्हता. दिला तरीही. ओळख पटवायला कधीकधी खोटं लागतं, हे रंगभूषेत पहिल्या वर्षी कळतं. केसही तसेच, एका बाजूला भांग पाडलेले घ्या, मधोमध भांग नको.

कपड्यांवर मी फार लिहिणार नाही, कारण माझं काम पँट-शर्टात भागलं. साडी, कुर्ता हवा असेल तर मूळ खेळावर फार अवलंबून राहू नका. २०१६ च्या सिटी लिव्हिंग पॅकमध्ये आपल्याकडच्या वळणाचे कपडे आहेत, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये फॅशन स्ट्रीट नावाचं एक किट आलं, ते मुंबईच्या रस्त्यांवरून सुचलेलं. आमच्या तुळशीबागेला कुणी विचारलं नाही. नऊवारीचं नाव काढू नका. खेळणाऱ्यांनी स्वतः केलेले कपडे जालावर मिळतात, पण खेळाची नवी आवृत्ती आली की ते आपोआप बंद होतात आणि सेटिंगमध्ये जाऊन पुन्हा चालू करावे लागतात. नवख्याला उगाच ताप. एक मात्र मला आवडलं. जून २०१६ पासून बाईचे कपडे पुरुषाला, पुरुषाची चाल बाईला, काहीही कुणालाही देता येतं. तेव्हा म्हणे त्याची फार चर्चा झाली होती. बालगंधर्वांच्या नावाचं रंगमंदिर १९६८ पासून नदीकाठी उभं असलेल्या गावात त्याचं काय नवल?

रंगांच्या बाबतीत सिम्स ४ कंजूष आहे. शर्ट निवडला की त्याचे ठरलेले आठ-दहा रंग, संपलं. २००९ च्या सिम्स ३ मध्ये हवा तो रंग आणि कापड लावायची सोय होती, ती यांनी काढून टाकली. बाबांचा चौकड्यांचा शर्ट मला मिळेना. तो शर्ट आमच्याकडे अजून आहे, आईच्या ट्रंकेत, निळ्या-करड्या चौकड्यांचा, कॉलर उलटून शिवलेली.

तेव्हा भाची मला वाकडला तिच्या घरी घेऊन गेली आणि तिच्या मोठ्या कॉम्प्युटरवर इनझोई लावून दिला. हा कोरियातल्या क्राफ्टन कंपनीचा खेळ, २८ मार्च २०२५ रोजी अर्ली ॲक्सेसमध्ये आला, म्हणजे अजून घडतोय आणि तरी विकतोय. त्याला निदान आरटीएक्स २०६० चं ग्राफिक्स कार्ड आणि १२ जीबी रॅम लागते. माझ्या लॅपटॉपवर तो लावायचा विचारही करू नये.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी अवाक झाले, हे कबूल करते. कातडीवर रंध्रं दिसतात. ओठांवर ओल दिसते. केस मोकळे हलतात. रंगाचं चक्र आहे, हवा तो रंग लावा. पण तासाभराने मला गुदमरायला लागलं. तिथले सगळे नमुने देखणे. मी कितीही ओढलं तरी बाबा निवृत्त नटासारखे दिसायला लागले, म्हातारपणी जाहिरातीत चहा पिणारे असतात ना, तसे. गाल खाली ओढले, डोळ्यांखाली पिशव्या दिल्या, जबडा सोडवला, तरी कुठूनतरी ते देखणेपण परत येतच राहिलं. सिम्समधली माणसं म्हणजे मातीची चित्रं, हे मी आधी वैगुण्य समजत होते. पण मातीच्या चित्राला कुरूप करता येतं, आणि पोट सुटलेल्या गणिताच्या मास्तरला तेच बरं पडतं. माझं मत विचाराल तर ओळखीचा म्हातारा माणूस करायचा असेल तर सिम्स, आणि नवरा-बायकोचा लग्नाच्या स्वागत समारंभातला फोटो करायचा असेल तर इनझोई.

शर्टाचं मात्र काम तिथेच झालं. इनझोईत आपलं चित्र कापडावर चढवता येतं. मी घरी येऊन ट्रंक उघडली, शर्ट पलंगावर पसरला, खिडकीतल्या उजेडात फोटो काढला आणि भाचीला पाठवला. तिने चढवला, तर बाबा सोलापुरी चादर गुंडाळून उभे! चौकडी तळहाताएवढी आलेली. फोटो जवळून काढला होता, त्यात जेमतेम सहा चौकड्या होत्या, त्याच अंगभर पसरल्या. मग शर्ट इस्त्री केला, बटणं लावून पाठीचा सपाट भाग वर घेतला, स्टुलावर चढून वरून काटकोनात फोटो काढला, कडा कापल्या. आता चौकड्या भरपूर होत्या आणि अंगावर बारीक आल्या. तुम्हीही खणाचं किंवा इरकलीचं कापड चढवणार असाल तर हे तीन नियम पाळा: कापड इस्त्रीचं हवं, फोटो दूरून आणि बरोबर वरून हवा, आणि फ्लॅश बंद. फ्लॅशने कापडाच्या मधोमध एक पांढरा डाग पडतो आणि तो प्रत्येक चौकटीत उगवतो.

एवढं करून मी सिम्सकडेच परतले, निळा साधा शर्ट घालून दिला. चौकडीपेक्षा बाह्या दुमडलेल्या असणं जास्त महत्त्वाचं होतं, आणि तसा शर्ट होता.

चाल आणि आवाज हा भाग लोक घाईत उरकतात. तिथेच माणूस जिवंत होतो. चालींचे नऊएक प्रकार आहेत: ताठर, डौलदार, ऐटबाज, गबाळी, सुस्त वगैरे. प्रत्येकीवर टिचकी मारली की माणूस जागच्या जागी चालून दाखवतो. बाबांसाठी मी आधी ताठर चाल घेतली, मास्तर म्हणून. चुकलं. मास्तर वर्गात ताठ असतात, घरी येताना नसतात. सुस्त चाल लावली आणि मला सायकलला कुलूप लावून जिना चढणारी पावलं ऐकू आली. आवाजाचे तीन प्रकार आणि वर एक पट्टी, चढा-खालचा करायला. बोलतात ती सिम्लिश, म्हणजे अर्थ नसलेली भाषा, त्यामुळे शब्दांत अडकायला होत नाही, नुसता सूर ऐकायचा.

स्वभावाच्या तीन खुणा मोठ्या माणसाला देता येतात. किशोरांना दोन, लहान मुलांना एक. परस्परविरोधी जोड्या खेळच अडवतो, टापटीप आणि गबाळा एकत्र घेऊ देत नाही. इथे एकच सांगते: तिन्ही गुण गुणच घेऊ नका. निदान एक खोट द्या. बाबांना मी बुकवर्म आणि परफेक्शनिस्ट दिलं, आणि हात जरा घुटमळून तिसरं हॉट-हेडेड. ते दिलं नसतं तर ते श्रद्धांजलीच्या लेखातले बाबा झाले असते.

साठवण्याचं विसरू नका. हे मी रडून शिकले. गुरुवार होता, म्हणजे आमच्या भागात लाईटचा भरवसा नसतोच, आणि माझ्या लॅपटॉपची बॅटरी म्हणजे नावाला. तीन संध्याकाळींचा बांधा, कान, भुवया, सगळं होत आलं होतं, आणि पंख्याबरोबर पडदाही गेला. या पडद्यावर खेळ आपणहून काही जतन करत नाही. वरच्या कोपऱ्यात कुटुंब स्वतःच्या लायब्ररीत ठेवायचं बटण आहे. दर वीस मिनिटांनी ते दाबा, आणि दर वेळी नाव बदला: बाबा एक, बाबा दोन. माझ्याकडे आता बाबा एकोणीस आहेत. त्यातले बाबा अकरा जास्त चांगले होते की काय, अशी शंका येते, आणि जुने ठेवलेले असले की शंका तपासता येते.

सगळं झाल्यावर परीक्षा शेवटच्या रांगेतून. माणूस घरात सोडा, कॅमेरा छपराच्या उंचीवर न्या, आणि तो स्वयंपाकघरापर्यंत चालत जाईतो बघा. तिथून नाक दिसत नाही. दिसतो तो बांधा, कपाळावरचा उजेड, चाल, चष्मा. या अंतरावरून ओळख पटली तर जवळून पटतेच. उलट मात्र होईलच असं नाही. काही खटकलं तर पुन्हा सगळं उघडायला एक चोरवाट आहे: कंट्रोल, शिफ्ट आणि सी एकदम दाबा, वर उघडलेल्या पट्टीत 'testingcheats true' लिहा, एंटर, मग 'cas.fulleditmode', एंटर. आता शिफ्ट दाबून माणसावर टिचकी मारली की घडवायच्या पडद्यावर परत जाता येतं, बांधा-स्वभाव सगळं खुलं.

मी ही परीक्षा रात्री साडेनऊला घेत होते. आई मागे दाराशी औषधाचा डबा घेऊन उभी राहिली. तिला मी काय करतेय ते सांगितलेलं नव्हतं. चष्मा तिने घातलेला नव्हता, म्हणजे शेवटच्या रांगेपेक्षाही लांब. पडद्यावर बाबा बाहेरून आले, बैठकीतून सरळ आत गेले, फ्रिज उघडला.

आई म्हणाली, "अगं, हे असे बूट घालून घरात कधी फिरलेत?"

तर शेवटची सूचना. मूळ खेळातली सिम्सची माणसं घरातही पायताण काढत नाहीत. प्रत्येक प्रकारच्या कपड्यांचे पाच जोड करता येतात. त्यातला रोजचा दुसरा जोड जशाच्या तसा करा आणि पायात काही देऊ नका. माणूस घरात आला की कपाटावर टिचकी मारून तो जोड घालायचा. दर वेळी हाताने करावं लागतं, पण मी करते.